अर्धी चिठ्ठी

दोस्तहो,

या अंकाचं पहिलं पान कवितेला द्यायचं ठरलं होतं. ठरवणारा मीच. पण खिशात एक कागद आहे, आणि कवितेच्या आधी तो वाचला पाहिजे. डॉक्टरची चिठ्ठी आहे. चार औषधं लिहिलेली. दोन औषधांपुढं मेडिकलवाल्याच्या पेनाची खूण, दोन औषधांपुढं काहीच नाही. म्हणजे दोन घेतली, दोन सोडली. जी घेतली तीही पाच दिवसांऐवजी दोन दिवसांची.

चिठ्ठी माझ्या धाकट्या भावाची. तो नांदेडला विद्यापीठात एम.ए. शिकत होता. मी मुंबईच्या गोदीत कंत्राटी कामगार. मॅट्रिकला थांबलो, कारण घरातून एकालाच पुढं धाडता येत होतं. मी पाठीवर गोणी घेतली, त्यानं दप्तर घेतलं. हिशोब सरळ होता. आजारपणाचा रकाना त्या हिशोबात नव्हता.

२०२३च्या दिवाळीत तो खोकतच गावी आला. माय म्हणाली, "खोलीवरलं पाणी बाधलं असंल." डिसेंबरात ताप भरला तेव्हा नांदेडला एका खाजगी दवाखान्यात गेला. तपासणीचे तीनशे गेले. मेडिकलवाल्यानं चिठ्ठीची बेरीज केली, अकराशे चाळीस. खिशात चारशे. मग तो तेच बोलला, जे आपल्यातला प्रत्येकजण मेडिकलच्या काउंटरवर मान खाली घालून बोलतो:

"सध्या दोन दिवसाचं द्या."

दोस्तहो, या चार शब्दांवर हे संपादकीय आहे.

दोन दिवसांत ताप उतरला. उतरला म्हणजे बरा झाला, असा आपला समज. राहिलेली औषधं राहिलीच. जानेवारीत तो स्पर्धा परीक्षेच्या क्लाससाठी लातूरला मित्राच्या खोलीवर गेला. लोहा, अहमदपूर, चाकूर करत एसटीनं माणूस लातूरला पोचला, चिठ्ठी नांदेडला गादीखाली राहिली. पुन्हा ताप, पुन्हा दवाखाना. डॉक्टरांनी विचारलं, आधी काय घेतलं? एम.ए.चा विद्यार्थी म्हणाला, "एक मोठी पांढरी गोळी होती, अन् एक लाल." मग नव्यानं दुसरं अँटिबायोटिक. तेही अर्धंच.

काही अँटिबायोटिक टीबीला नुसती दाबतात, मारत नाहीत. माणसाला थोडं बरं वाटतं, तपासणी लांबते, आणि आतला जंतू त्या औषधाला सरावत जातो. फेब्रुवारीत थुंकीत रक्त दिसलं. तेव्हा कुठं सरकारी दवाखान्यात थुंकी तपासली, छातीचा फोटो काढला. टीबी.

मला राग आला. तो दोन ठिकाणी आला. एक व्यवस्थेवर, एक आपल्यावर. दोन्ही लिहितो, कारण एकच लिहिला तर तीसुद्धा अर्धी चिठ्ठी होईल.

आधी व्यवस्था. ज्या अनुसूचित जातीच्या आणि नवबौद्ध पोरांना सरकारी वसतिगृहात जागा मिळत नाही, त्यांच्यासाठी २०१६-१७ पासून भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. काही महानगरपालिकांच्या शहरांत वर्षाला ५१ हजारांपर्यंत. जेवणाचे २८ हजार, राहण्याचे १५ हजार, निर्वाहाचे ८ हजार. या कागदात पोट आहे, छप्पर आहे. शरीर नाही. औषधाला रकाना नाही. आणि जे मंजूर होतं ते कधी हातात पडेल, त्याचा नेम नाही. ताप मंजुरीची वाट बघत बसत नाही.

मग सरकारी दवाखाना. नांदेडला विष्णुपुरीतच विद्यापीठ आहे आणि विष्णुपुरीतच डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय आहे. ३० सप्टेंबर आणि १ ऑक्टोबर २०२३च्या चोवीस तासांत तिथं २४ माणसं मेली. त्यातली १२ नुकती जन्मलेली लेकरं. अठ्ठेचाळीस तासांत आकडा ३१ वर गेला. नातेवाईक सांगत होते, औषधं बाहेरून आणायला लावली. सरकार सांगत होतं, औषधं कमी नव्हती. मुंबई उच्च न्यायालयाला स्वतःहून दखल घ्यावी लागली. मी हे गोदीत रात्रपाळीला मोबाईलवर वाचलं. भाऊ त्याच विष्णुपुरीत शिकत होता.

त्याआधी दीडच महिना, १५ ऑगस्ट २०२३ पासून, सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत केसपेपरपासून उपचारापर्यंत सगळं मोफत केल्याचं सरकारनं जाहीर केलं होतं. पण मेडिकल कॉलेजची रुग्णालयं दुसऱ्या खात्याची. ती त्या निर्णयात नव्हती. नांदेडचं मोठं रुग्णालय मेडिकल कॉलेजचं, लातूरचंही मेडिकल कॉलेजचं. तापलेल्या पोराला खातं कळत नाही, त्याला फक्त खिडकी दिसते.

सरकारी दवाखान्यातलं "बाहेरून आणा" आणि मेडिकलवरचं "दोन दिवसाचं द्या" हे एकाच वाक्याचे दोन तुकडे आहेत. एक वरचा बोलतो, एक खालचा. आणि लातूर बघा! डॉक्टर व्हायला अख्ख्या महाराष्ट्रातून पोरं तिथं क्लासला येतात. त्याच शहरात आपलं पोर अर्ध्या गोळ्यांवर अभ्यास करतं.

आता आपल्यावरचा राग.

टीबीचं औषध सरकारकडून मोफत मिळतं. साधा टीबी असेल तर सहा महिने: पहिले दोन महिने चार औषधं, पुढचे चार महिने तीन, डोस वजनाप्रमाणं. खाण्यासाठी तेव्हा महिन्याला ५०० रुपये मिळायचे, नोव्हेंबर २०२४ पासून ते हजार झाले. पेशंटला निक्षयचा एक नंबर मिळतो. त्या नंबरावर लातूरला सुरू केलेला उपचार नांदेडला नेता येतो, औषध तुटत नाही. हे सगळं भावाला कुणी सांगितलं नाही. त्यानंही विचारलं नाही. का? लाज. खोली मिळवताना जात विचारतात, आता खोकला विचारतील, ही भीती. गोळ्या संडासात जाऊन खायचा. एके रात्री फोन आला, "दादा, लघवी लाल झालीय, रक्त जातंय बहुतेक." घाबरून त्यानं दोन दिवस गोळ्याच बंद ठेवल्या होत्या. रिफाम्पिसिन या औषधानं लघवीचा रंग तांबूस होतो, त्यात भिण्यासारखं काही नसतं. देणाऱ्यानं एक वाक्य सांगितलं असतं, घेणाऱ्यानं एक प्रश्न विचारला असता, तर ते दोन दिवस वाचले असते.

आणि खोलीवरच्या पोरांना कळलं तेव्हा त्यांनी त्याचा ग्लास वेगळा ठेवला. ताट वेगळं. ही पोरं कोण? आपलीच. भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो, खाली वेगळा ग्लास. ज्या पाण्यासाठी २० मार्च १९२७ ला महाडच्या तळ्यावर आपले बापजादे गेले, त्याच पाण्याचा पेला आपण आपल्याच भावासमोरून उचलला! टीबी हवेतून पसरतो, ताटवाटीतून नाही. औषध लागू पडलं आणि नीट चालू राहिलं की काही आठवड्यांत तो दुसऱ्याला लागायची भीतीही खूप कमी होते. खिडकी उघडा, खोकताना तोंडावर रुमाल धरा. ग्लास कसला वेगळा करता?

पुढं मार्च २०२४ मध्ये देशभर टीबीच्या गोळ्यांचा तुटवडा पडला. केंद्रानंच राज्यांना पत्र धाडलं, तीन महिन्यांपुरती औषधं तुमची तुम्ही खरेदी करा. भावाला महिन्याच्या गोळ्या मिळायच्या, त्या जागी सात दिवसांच्या मिळू लागल्या. पण तोवर तो बदलला होता. त्यानं एक वही केली. तारीख, औषधाचं नाव, किती मिळाल्या, किती उरल्या. तीन दिवसांच्या उरल्या की खिडकीवर हजर. वही पुढं धरायचा. वही असलेल्या माणसाला "उद्या या" म्हणणं जड जातं. ऑगस्टच्या शेवटी त्यानं शेवटची गोळी घेतली. बरा झाला. एक वर्ष बुडालं, जीव राहिला.

म्हणून सांगतो, चिठ्ठी वाचा. तुम्ही पदवीधर आहात. तुमची माय अंगठा लावते, तिची चिठ्ठी कोण वाचणार? २०१६ ला मेडिकल कौन्सिलनं नियम केला की डॉक्टरनं औषधाचं मूळ नाव लिहावं, वाचता येईल अशा अक्षरात लिहावं. लिहिलं नसेल तर विचारा, "साहेब, मूळ नाव काय?" ते नाव हातात असलं की जनऔषधी केंद्रावर तेच औषध स्वस्तात मागता येतं. अशी केंद्रं नांदेडला आहेत, लातूरलाही आहेत. चिठ्ठीवरचं औषध नोंदणी झालेल्या फार्मासिस्टच्या देखरेखीखालीच दिलं पाहिजे, असा कायदा आहे. परवाना भिंतीवर एकाचा आणि गोळ्या देणारा दुसराच, असं दिसलं तर विचारा, फार्मासिस्ट कुठं आहेत? छापील किमतीच्या वर एक पैसा देऊ नका. सुट्ट्या गोळ्यांचा भावसुद्धा त्याच हिशोबात बसला पाहिजे. बिल मागा. टीबीची आणि बरीच तगडी अँटिबायोटिक मार्च २०१४ पासून एच-वन नावाच्या यादीत आहेत. ती विकली की दुकानदारानं वेगळ्या वहीत तुमचं नाव, डॉक्टरचं नाव, औषध, किती दिलं हे लिहून तीन वर्षं ठेवायचं असतं. त्याच्याकडं तुमची तीन वर्षांची नोंद, आणि तुमच्याकडं कालची चिठ्ठी नाही!

पैसे कमी असले तर लाजून अर्धं घेऊन पळू नका. परत जा, डॉक्टरला सांगा, "एवढेच आहेत, यात पूर्ण होईल असं लिहून द्या." ही भीक नाही. अर्ध्या औषधानं रोग मरत नाही, पैसे तेवढे मरतात.

पण एकट्यानं विचारणं अवघड असतं, हे मला गोदीत कळलं. एकटा हमाल मजुरी मागतो तेव्हा त्याला हाकलतात. टोळी मागते तेव्हा मुकादम खुर्ची देतो. म्हणून नांदेड आणि लातूरच्या शाखांना माझं सांगणं आहे. दर रविवारी वसतिगृहाच्या दारात एक टेबल टाका. ज्याची चिठ्ठी असेल त्यानं आणावी. आपली कितीतरी पोरं डी.फार्म., बी.फार्म. करतात, त्यांनी ती वाचून सांगावी. औषध बदलायचं नाही, डॉक्टरकी करायची नाही. नाव काय, कितीदा, किती दिवस, कुठं मोफत, कुठं स्वस्त, एवढंच. चिठ्ठीचा मोबाईलवर फोटो काढून ठेवा म्हणावं. ज्याला पैसे कमी पडतात त्याच्यासाठी डबा ठेवा, ज्याला जमेल त्यानं दहा टाकावेत. कुणाचा आजार टेबलाबाहेर जाता कामा नये. आणि विद्यापीठाकडं, समाजकल्याणकडं मोर्चा न्यायचा तर मागण्या दोनच: स्वाधारमध्ये औषधाचा रकाना आणि विद्यापीठाच्या आवारात पूर्ण वेळ मोफत औषधाची खिडकी.

हे विद्यापीठ आपल्याला कुणी दान दिलेलं नाही. नामांतरासाठी १९७८ ला पोचिराम कांबळे मारले गेले. १९९३ च्या नोव्हेंबरात गौतम वाघमारेंनी याच नांदेडात स्वतःला पेटवून घेतलं. १९९४ ला औरंगाबादच्या विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव लागलं, आणि त्याच वर्षी नांदेडचं विद्यापीठ उभं राहिलं. एवढी किंमत मोजून उघडलेल्या दारातून आपलं पोर आत जातं आणि सातशे चाळीस रुपये कमी पडले म्हणून खोकत गावी परततं, हे मला मान्य नाही.

कविता पुढच्या पानावर आहे. वाचा. पण त्याआधी उशाखालची चिठ्ठी काढा आणि बघा, किती औषधांपुढं खूण नाही.

जयभीम.