जुन्या डिले पेडलची दुरुस्ती : आधी निदान, मग सोल्डर

बिघडलेली वस्तू आणि निकामी वस्तू यांतील अंतर व्यापारी घराइतके कोण जाणणार? तरीही विजेवर चालणारी वस्तू बंद पडली की हा विवेक सुटतो. 'याचे भाग आता मिळत नाहीत' एवढ्या एका वाक्यावर ती भंगारात जाते, अथवा उतावळ्या हाती पडून उरलेली किंमतही गमावते. या वेळी विचार करू तो गिटारवादकाच्या पायाशी असणाऱ्या एका लहानशा पेटीचा. जुन्या ॲनालॉग डिले पेडलचा.

वादकाने छेडलेला स्वर ही पेटी क्षणभर धरून ठेवते आणि प्रतिध्वनीसारखा परत देते. पूर्वी हे काम फिरत्या चुंबकीय फितीवर होई. १९६९ साली हॉलंडमधील फिलिप्सच्या प्रयोगशाळेत सँगस्टर आणि टेअर या संशोधकांनी दुसरी युक्ती मांडली. आग विझवताना माणसे रांगेत उभी राहून पाण्याच्या बादल्या हातोहात पुढे देतात. तसाच विद्युतभार एका सूक्ष्म कपॅसिटरमधून पुढच्या कपॅसिटरमध्ये ढकलत न्यावयाचा. म्हणूनच या चिपला 'बकेट ब्रिगेड' असे नाव पडले.

जपानच्या मात्सुशिता कंपनीच्या एमएन ३००५ या चिपमध्ये अशी ४,०९६ घरे असतात. पेडलमधील विद्युत घड्याळाच्या एका आवर्तनात भार दोन घरे सरकतो. प्रतिध्वनी ३०० मिलिसेकंदांनी यावा, तर सेकंदाला सुमारे ६,८०० आवर्तने पुरतात. घड्याळ जितके संथ, तितके वरचे तीव्र स्वर गाळून टाकावे लागतात. त्यामुळे प्रतिध्वनी किंचित मऊ, धूसर उमटतो. वादकांना जुन्या पेडलचा जो मोह असतो, त्याचे मूळ येथे आहे. बॉस कंपनीचे १९८१ मध्ये आलेले डीएम-२ हे याच चिपवर उभे राहिलेले प्रसिद्ध पेडल.

रामदासपेठेतील एका परिचित कुटुंबात असेच एक डीएम-२ आहे. ते धाकट्या काकांचे. काका आता नाहीत. पुतणी गिटार शिकू लागली आणि थोरल्या भावाने जपून ठेवलेली पेटी कपाटातून बाहेर निघाली. मूळ स्वर येई, प्रतिध्वनी मात्र नाही. 'चिप गेली, नवी मागवू आणि बसवू' असा निकाल एका कारागिराने पेटी न उघडताच दिला. घरच्यांनी होकार देण्यापूर्वी विचारणा केली, हे बरे झाले.

पहिली तपासणी विजेची. बॉसच्या जुन्या पेडलवर 'एसीए' ही अडॅप्टरची खूण असते. आजचे नऊ व्होल्टचे अडॅप्टर 'पीएसए' जातीचे. ते जुन्या पेडलला जोडले तर आतल्या मंडलास वीज अपुरी पडते, दिवा मंद लागतो आणि पेडल बिघडल्याचा भास होतो. म्हणून प्रथम नवी नऊ व्होल्टची बॅटरी घालून पाहावी. येथे दिवा लख्ख लागला आणि क्षीण, फाटका प्रतिध्वनीही उमटला. चिप मृत नव्हती, हे तेथेच कळले.

दुसरी तपासणी स्वराच्या वाटेची. एका तारेत लहान कपॅसिटर जोडून तिचे दुसरे टोक ॲम्प्लिफायरला द्यावे आणि मोकळे टोक मंडलाच्या एकेका बिंदूवर टेकवीत जावे. स्वर कोठवर शुद्ध आहे आणि कोठून बिघडतो, हे कानालाच समजते. येथे चिपमध्ये जाणारा स्वर स्वच्छ होता. बाहेर येणारा फाटलेला. अशा वेळी प्रथम संशय घ्यावा तो चिपला मिळणाऱ्या स्थिर व्होल्टेजवर, ज्याला कारागीर 'बायस' म्हणतात. भाग जुने होत जातात तसा तो ढळतो. तो सावरण्यासाठी आत एक चिमुकला स्क्रू असतो. फिरवण्याआधी त्याच्या मूळ जागेचे छायाचित्र घ्यावे.

बायस जुळताच प्रतिध्वनी सरळ झाला, पण मागे घरघर उरली. ती इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरची. त्यांतील द्रव वर्षानुवर्षे सुकत जातो आणि उष्णतेने हे लवकर घडते. तापमान दहा अंशांनी वाढले की त्यांचे आयुष्य जवळजवळ निम्मे होते, असा ढोबळ नियम आहे. नागपूरचा उन्हाळा पंचेचाळीस अंश ओलांडतो. गच्चीखालच्या कपाटात याहून वेगळे काय व्हावे? काही रुपयांचे दोन कपॅसिटर बदलले आणि घरघर थांबली. मूळ चिपला सोल्डरची आच लागली नाही.

हा तपशील सांगण्याचे कारण असे, की ती चिप मात्सुशिताने बनवणे कधीच थांबवले आहे. मागणी आहे, माल नाही. अशा बाजारात काय होते हे व्यापाऱ्यास ठाऊक असते. दुसऱ्याच चिपवरचे अक्षर घासून त्यावर एमएन ३००५ छापून विकणारे आहेत. कारागिराचे म्हणणे मान्य झाले असते, तर चालती अस्सल चिप उपटून तिच्या जागी कदाचित बनावट बसली असती आणि बिघाड तसाच राहिला असता.

म्हणून दुरुस्तीस वस्तू देताना तीन गोष्टी विचाराव्यात. दोष कोठे सापडला? तो कसा तपासला? काढलेला भाग परत मिळेल का? तिन्हींची उत्तरे देणाऱ्याकडेच पेटी सोपवावी आणि काय बदलले ते तारखेसह वहीत टिपावे. वापर नसताना बॅटरी काढून ठेवावी; गळलेल्या बॅटरीने पट्टीवरचे तांबे खाल्ले, तर काम फार वाढते. मूळ अडॅप्टर पेटीसोबतच ठेवावा.

दुरुस्तीचा खरा खर्च वेळेचा आहे. नवा भाग घालण्यास पाच मिनिटे लागतात. कोणता भाग घालू नये हे ठरविण्यास दोन संध्याकाळी. त्या दोन संध्याकाळी दिल्या म्हणून काकांच्या पेटीतून त्यांनी ऐकलेलाच आवाज आज पुतणीला ऐकू येतो.