घरासाठी जुनी जिप्सी घ्यायची का?
वापरलेल्या मारुती जिप्सीला आजही गिऱ्हाईक आहे. 1985 साली आलेली ही हलकी, दणकट गाडी दुरुस्तीलाही सोपी. पण घरात लहान मूल असेल तर आधी मागचं दार उघडून बघा. बहुतेक जिप्सींमध्ये तिथे समोरासमोर दोन आडवे बाक असतात. आडव्या बाकावर मुलांची सुरक्षा-सीट नीट बसत नाही. एअरबॅग तर नाहीतच.

आणि ज्या फोर-व्हील ड्राइव्हवर आपण भाळतो, ती शहरात बंदच ठेवायची असते! जिप्सीत मधला डिफरन्शियल नाही. वळताना पुढची चाकं मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापतात. कोरड्या डांबरावर हा फरक भरून निघत नाही, ताण गिअर आणि एक्सलवर येतो. म्हणजे ऑफिसला जाताना ती साधी रिअर-व्हील गाडी, वर पाटा-स्प्रिंगचे हादरे.

नोंदणीचंही बघा. 15 वर्षांनंतर नूतनीकरणाला 5,000 रुपये, 20 वर्षांपुढच्या गाडीला ऑगस्ट 2025 पासून 10,000. फिटनेस तपासणी वेगळी.

दारात दुसरी गाडी असेल तर हौस जरूर करा. एकच गाडी परवडत असेल, तर त्याच घराण्यातली पाच दारांची, सहा एअरबॅगची जिम्नी 2023 पासून बाजारात आहे.