पिस्तूल शिकण्याआधी कायदा शिका : उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूरच्या तरुणांसाठी

उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूरच्या मोहल्ल्यांत अलीकडे तरुण मुलं एक प्रश्न विचारतात : स्वसंरक्षणासाठी पिस्तूल चालवायचं रीतसर प्रशिक्षण घेतलं तर काय हरकत आहे? रात्रपाळीवरून परतणारा कामगार असो की रोज रोकड घेऊन घरी जाणारा दुकानदार, त्याची भीती खोटी नाही. मोबाईलवर रोज मारहाणीचे व्हिडिओ येतात, त्यामुळे ती वाढतेच. म्हणून या प्रश्नाला नुसतं "नको रे बाबा" म्हणून चालणार नाही. नीट उत्तर द्यायला हवं.

उत्तराची सुरुवात आपल्याच शहरातून करू. 2 फेब्रुवारी 2024 च्या रात्री उल्हासनगरच्या हिललाईन पोलीस ठाण्यात, वरिष्ठ निरीक्षकाच्या केबिनमध्ये, कल्याण पूर्वचे तेव्हाचे भाजप आमदार गणपत गायकवाड यांनी शिवसेनेचे (शिंदे गट) महेश गायकवाड आणि त्यांच्या साथीदारावर गोळ्या झाडल्या. वाद द्वारली गावच्या जमिनीचा होता. दोन्ही जखमी वाचले. पिस्तूल परवान्याचं होतं. मुलाला धक्काबुक्की झाली म्हणून स्वसंरक्षणासाठी गोळी झाडली, असं आमदारांनी नंतर एका वृत्तवाहिनीला सांगितलं. हा दावा टिकतो की नाही, ते न्यायालय ठरवेल. पण एक गोष्ट उघड आहे. परवाना होता, सत्ता होती, समोर पोलीस बसले होते, तरीही कमरेला असलेल्या शस्त्राने एका भांडणाचं रूपांतर हत्येच्या प्रयत्नाच्या गुन्ह्यात केलं.

आता प्रशिक्षणाचं बघू. आपल्याकडे बंदुकीचा परवाना 1959 च्या शस्त्र कायद्याखाली मिळतो. आपली तिन्ही शहरं ठाणे पोलीस आयुक्तालयात येतात, त्यामुळे अर्ज तिकडे जातो. 21 वर्षांखालच्या व्यक्तीला साधारणपणे परवाना मिळत नाही. 2016 च्या शस्त्र नियमांनुसार अर्जदाराने सुरक्षा प्रशिक्षण पूर्ण केल्याचं प्रमाणपत्र द्यावं लागतं. त्यात शस्त्र सुरक्षित ठेवणं, नेणं-आणणं, चालवणं आणि त्याची निगा राखणं शिकवतात. म्हणजे प्रशिक्षण ही परवान्याची एक अट आहे, हक्क नव्हे. जिवाला किंवा मालमत्तेला खरोखर धोका आहे हे पटवावं लागतं, पोलिसांची चौकशी होते, मगच निर्णय होतो.

यूट्यूबवरचे अमेरिकन व्हिडिओ इथे लागू होत नाहीत. तिथे निम्म्याहून अधिक राज्यांत परवान्याशिवाय पिस्तूल लपवून बाळगता येतं. अनेक राज्यांत माणसाने मागे हटावं अशी कायद्याची अपेक्षाही नाही. आपल्याकडे स्वसंरक्षणाचा हक्क भारतीय न्याय संहितेच्या कलम 34 ते 44 मध्ये आहे आणि तो भक्कम आहे. जीव जाण्याची किंवा गंभीर इजेची वाजवी भीती असेल, तर हल्लेखोराचा मृत्यू झाला तरी हा हक्क लागू होऊ शकतो. पण कलम 37 दोन मर्यादा घालतं. पोलिसांची मदत घ्यायला वेळ असेल तर हा हक्क नाही. आणि बचावापुरतीच इजा करता येते, त्याहून जास्त नाही. नेम किती अचूक होता हे न्यायालय विचारत नाही. गोळी झाडण्यावाचून दुसरा मार्ग होता का, हे विचारतं. ते दाखवण्याची जबाबदारी आरोपीवरच येते.

पोलिसांनाही यातून सूट नाही. बदलापूरच्या शाळेतील अत्याचार प्रकरणाचा आरोपी 23 सप्टेंबर 2024 रोजी मुंब्रा बायपासजवळ पोलिसांच्या गाडीत गोळी लागून मेला. त्याने पिस्तूल हिसकावलं म्हणून स्वसंरक्षणार्थ गोळी झाडली, असं पोलीस म्हणाले. जानेवारी 2025 मध्ये उच्च न्यायालयापुढे आलेल्या दंडाधिकाऱ्यांच्या चौकशी अहवालाने पाच पोलिसांना जबाबदार धरलं. वर्दीतल्या, प्रशिक्षित माणसाचा दावा असा तपासला जातो, तर आपल्या पोराचा किती तपासला जाईल याचा विचार करा.

कुणी म्हणेल, नियम सगळ्यांना सारखे कुठे आहेत? मे 2025 मध्ये आसाम सरकारने धुबरी, बारपेटासारख्या मुस्लिमबहुल भागांतल्या "मूलनिवासी" नागरिकांना परवाने सढळ हाताने देण्याचा निर्णय घेतला, तो आपण वाचला. सरकारच जेव्हा कोणाच्या हाती बंदूक द्यायची हे समाज बघून ठरवतं, तेव्हा त्यावर हरकत घेणं रास्तच आहे. पण त्यावरचा उपाय गावठी कट्टा नव्हे. विनापरवाना बंदूक सापडली तर किमान दोन वर्षांची कैद आहे. 2022 मध्ये अंबरनाथ एमआयडीसीत बैलगाडा शर्यतीच्या वैरातून गोळीबार झाला होता. वैराच्या अशा वातावरणात आपल्या मुलाच्या खिशात कट्टा सापडला, तर त्याच्या बाजूने उभं राहायला कोण येणार? ज्याला खरा धोका आहे त्याने उघडपणे अर्ज करावा. नाकारला तर लेखी कारण मागावं आणि कलम 18 खाली अपील करावं.

बाकीच्यांनी काय करावं? धमकी आली की 112 वर फोन करा. ठाण्यात हद्दीचं कारण सांगितलं, तर नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 173 दाखवा : गुन्हा कुठल्याही हद्दीतला असो, माहिती नोंदवून घ्यावीच लागते. तिथेही टाळाटाळ झाली तर वरिष्ठांकडे लेखी तक्रार पाठवा, मग दंडाधिकाऱ्यांकडे जा. मेसेज आणि सीसीटीव्हीचं फुटेज पुसू नका. मशिदीच्या कमिटीने जुम्मानंतर महिन्यातून एकदा वकील बोलावला, तर अर्धी भीती तिथेच कमी होईल. ज्याला नेमबाजीची खरी आवड आहे त्याने क्लबमध्ये एअर पिस्तूलचा खेळ शिकावा. तिथे शिस्तही येते.

मशिदीत किंवा बाजारात बाण घेऊन जाणाऱ्याने त्याचं टोक हातात धरावं, कुणाला इजा होऊ नये, अशी ताकीद पैगंबर हजरत मुहम्मद (स.) यांनी दिली होती. शस्त्र बाळगणाऱ्याची पहिली जबाबदारी आजूबाजूच्यांच्या सुरक्षेची असते. ती पेलायची तयारी नसेल, तर पिस्तुलाच्या क्लासची फी वाचवा आणि तोच पैसा मोहल्ल्यात कायदेशीर मदतीचं केंद्र उभारायला लावा.