धरण मागे, दर्या पुढे

अरबी समुद्रात वादळ आकार घेऊ लागले की कोळीवाड्यांतला पहिला प्रश्न असतो, "बावटा किती नंबरचा लागला?" सिल्वासात हा प्रश्न कोणी विचारत नाही. इथे बंदर नाही, बावटा चढवायला खांब नाही. समुद्राचा इशारा दमणवाल्यांसाठी, फार तर उंबरगाव-डहाणूच्या मच्छीमारांसाठी, अशी शहराची पक्की समजूत आहे. ही समजूत धोक्याची आहे आणि ती जनतेपेक्षा प्रशासनाच्या कागदांनीच जास्त जोपासली आहे.

दमणगंगा नाशिक जिल्ह्यात दिंडोरी तालुक्यातल्या आंबेगावजवळ उगम पावते आणि अवघ्या १३१ किलोमीटरांत दमणला समुद्राला मिळते. एवढ्याशा वाटेत ती महाराष्ट्रात जन्मते, गुजरातेत मधुबन धरणाशी अडते, दादरा-नगर हवेलीतून, सिल्वासाजवळून वाहते, वापीला पुन्हा गुजरातेत शिरते आणि दमणला संपते. त्र्यंबकेश्वर, पेठ, मोखाडा, जव्हार या घाटाकडच्या तालुक्यांत कोसळलेला पाऊस तिच्या आणि तिच्या उपनद्यांच्या वाटेने खाली धावतो. उतार तीव्र, अंतर कमी, त्यामुळे हिशेब दिवसांचा नसतो, तासांचा असतो. खाली दमणच्या मुखाशी तिची गाठ खंबातच्या आखाताजवळच्या समुद्राशी पडते. इथली भरती मुंबईच्या भरतीहून मोठी. अमावास्या-पौर्णिमेच्या आगेमागे उधाण असले तर पुराचे पाणी समुद्र पोटात घेत नाही, ते मागे तुंबते.

या तुंबण्याचा पहिला मार दमण आणि वापीला बसतो हे खरे. पण सिल्वासा त्यातून सुटत नाही. भरती उतरेपर्यंत धरणाचे पाणी रोखून धरले तर जलाशय भरत जातो आणि मग एकदम जास्त पाणी सोडावे लागते. ते आधी राखोली, सिल्वासा, नरोलीच्या काठांवरून जाते. रोखले नाही तर खालची दोन शहरे बुडतात. ऑगस्ट २००४च्या महापुरात सिल्वासा, वापी आणि दमण या तिन्ही ठिकाणी याच नदीचे पाणी शिरले होते. धरण मागे आणि दर्या पुढे अशा कात्रीत वसलेल्या गावाला समुद्र लांब आहे, असे म्हणण्याची सोय नाही.

आता इशारा देणारे कोण कोण ते पाहा. घाटातल्या पावसाचा अंदाज हवामान खात्याचे मुंबई केंद्र देते, सिल्वासा-दमणचा अंदाज अहमदाबादहून येतो. दमणगंगेच्या पुराचे पूर्वानुमान केंद्रीय जल आयोगाच्या सुरतच्या कार्यालयाकडे. धरणाचे दरवाजे गुजरातच्या सिंचन खात्याच्या हाती, जरी प्रकल्प गुजरात आणि इथल्या केंद्रशासित प्रदेशाचा संयुक्त असला तरी. उंच लाटा आणि त्सुनामीचा इशारा हैदराबादच्या इन्कॉइस या सागरी माहिती केंद्राचा. माणसे हलवायची ती सिल्वासा, दमण आणि वलसाडच्या तीन जिल्हाधिकाऱ्यांनी. यातले कोणीही निष्काळजी आहे असे माझे म्हणणे नाही. प्रत्येकजण आपापला कागद चोख काढतो. पण २००५च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याची रचना राष्ट्र, राज्य, जिल्हा अशी आहे. नदीच्या खोऱ्याला त्यात खुर्ची नाही. २६ जानेवारी २०२० पासून दमण आणि सिल्वासा एकाच केंद्रशासित प्रदेशात आले, तरी नदीचा उगम, धरण आणि वापी या प्रदेशाच्या हद्दीबाहेरच राहिले.

पाऊस, धरण आणि भरती एका दिवशी एकत्र आली की काय होते हे पाहायला लांब जायला नको. २२ जुलै २०२१ रोजी चिपळूण बुडाले. वाशिष्ठीच्या खोऱ्यात प्रचंड पाऊस, वर कोळकेवाडी धरण, खाली दाभोळ खाडीची भरती. कोयनेतून वीज करून आलेले पाणी कोळकेवाडीमार्गे याच नदीत उतरते. कोणत्या पाण्याने किती नुकसान केले यावर पुढे बराच वाद झाला. मला त्या वादातला एकच भाग महत्त्वाचा वाटतो: बाजारपेठेत पाणी शिरायला लागले तेव्हा दुकानदाराला पाऊस दिसत होता, पण वरून किती पाणी येते आहे आणि खाली भरती किती वाजता आहे, हे त्याला एका वाक्यात सांगणारे कोणी नव्हते. तिन्ही आकडे कुठे ना कुठे होते. एकत्र नव्हते.

राज्यांच्या सीमेवर तर हे आणखी कठीण होते. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूर पाण्याखाली गेल्यावर कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाच्या नावाने बोटे मोडली गेली. पुढे जून २०२१ मध्ये महाराष्ट्राचे जलसंपदामंत्री जयंत पाटील बंगळुरूला जाऊन कर्नाटकचे मुख्यमंत्री येडियुरप्पा यांना भेटले आणि दोन्ही बाजूंनी पाण्याची माहिती वेळच्या वेळी देण्यावर बोलणे झाले. मंत्री भेटले हे चांगलेच. पण ज्या गोष्टीसाठी दोन अभियंत्यांमध्ये रोजचा फोन पुरायला हवा, तिच्यासाठी मंत्र्यांना विमान पकडावे लागते, यात आपल्या व्यवस्थेचे मर्म आहे. दमणगंगेला दोन राज्ये आणि एक केंद्रशासित प्रदेश आहे, आणि तिच्या पुराबद्दल बोलणारे मंत्री अजून तरी फारसे दिसत नाहीत.

समुद्राच्या बाजूचा अनुभवही तपासू. निसर्ग चक्रीवादळाबद्दल सुरुवातीला अंदाज होता की ते हरिहरेश्वर आणि दमणच्या दरम्यान किनाऱ्याला लागेल. ३ जून २०२० रोजी ते अलिबागच्या दक्षिणेला धडकले. दमणचा किनारा वाचला, आणि "उगाच घाबरवले" अशी कुजबुज मागे उरली. खरे तर अंदाज खोटा नव्हता. जशी वेळ जवळ येत गेली तसा तो अचूक होत गेला. पण लोकांना सांगताना अंदाजाची रुंदी सांगितली जात नाही, नुसते गावाचे नाव सांगितले जाते. पुढच्या वर्षी १७ मे २०२१ रोजी तौक्ते चक्रीवादळ दीवजवळ जमिनीवर आले. त्याच संध्याकाळी मुंबईजवळच्या तेलक्षेत्रात पी-३०५ हा तराफा बुडाला आणि साठाहून अधिक माणसे गेली. काही मृतदेह वाहत वलसाडच्या किनाऱ्यालाही लागले. वादळाचा इशारा कित्येक दिवस आधी दिलेला होता. तो ऐकून तराफा परत आणायचा निर्णय कोणाचा, यावर पुढे चौकशी बसली. इशारा देण्याचे तंत्र आपल्याकडे आता उत्तम आहे. इशाऱ्यावर कोणी, किती वाजता, काय करायचे हे ठरलेले नसते.

ओडिशाने हे ठरवले. १९९९च्या महाचक्रीवादळात तिथे सुमारे दहा हजार माणसे मेली. २०१३ मध्ये फायलिन चक्रीवादळ आले तेव्हा जवळपास दहा लाख लोक आधीच हलवले होते आणि मृतांचा आकडा पन्नाशीच्या आत राहिला. मधल्या काळात उपग्रह सुधारले हे खरे, पण त्यापेक्षा गावागावांत निवारे उभे राहिले आणि गाव कोणी रिकामे करायचे हे ठरले.

सिल्वासासाठी मला तीन गोष्टी हव्यात. पहिली, जून ते ऑक्टोबर या काळात दमणगंगेसाठी एक संयुक्त नियंत्रण कक्ष. सिल्वासात किंवा वापीत, पण एकाच छताखाली. त्यात गुजरातचे सिंचन खाते, जल आयोग आणि तिन्ही जिल्ह्यांची माणसे चोवीस तास बसावीत. हवामान खात्याची दोन्ही केंद्रे आणि नाशिक-पालघरची पर्जन्यमापके त्याला जोडलेली असावीत. दरवाजे उघडण्याचा निर्णय गुजरातच्या अभियंत्याचाच राहील, पण तो घेताना दमणची भरतीची वेळ त्याच्या डोळ्यांसमोर असेल.

दुसरी, इशाऱ्याची भाषा. मधुबनमधून इतके लाख क्युसेक पाणी सोडले, हा निरोप राखोलीच्या चाळीतल्या कामगाराला काहीही सांगत नाही. त्याला हवे आहे ते असे: पाणी आठळ पुलाशी किती वाजता पोहोचेल, पूल बंद होईल का, रात्रपाळीला जायचे की नाही. हा निरोप वारली, कोकणा, गुजराती, मराठी, हिंदीत हवा. कारखान्यांत ओडिशा, बिहार, उत्तर प्रदेशातून आलेली माणसे आहेत. त्यांना इथली नदी ठाऊक नाही, ना तिची जुनी पूररेषा. विशिष्ट भागातल्या सगळ्या मोबाइलवर एकाच वेळी कर्कश आवाजात संदेश पाठवायची सोय देशात चाचण्या होऊन तयार आहे. ती वापरायला नवे यंत्र लागत नाही, आधी लिहून ठेवलेला मजकूर लागतो. खानवेल-दुधनीच्या पाड्यांवर नेटवर्क जाते तिथे भोंगा आणि भोंगा वाजवणाऱ्या माणसाचे नाव.

तिसरी गोष्ट सर्वांत साधी आणि सर्वांत टाळली जाणारी: दरवर्षी मेअखेर एक पूर्ण रंगीत तालीम, आणि तिचा निकाल जाहीर. धरणावरून खोटा निरोप निघाला, तो शेवटच्या पाड्यावर किती मिनिटांनी पोहोचला आणि कुठे अडला, एवढेच मोजायचे. दीपप्रज्वलन नको, भाषण नको.

यावर दोन आक्षेप येतील. धरणवाले म्हणतील, आधीच पाणी सोडले आणि पाऊस आला नाही तर ऑक्टोबरला धरण रिकामे राहील, शेती आणि वापी-सिल्वासाचे कारखाने कशावर चालतील? आक्षेप खरा आहे. म्हणूनच पाणी कधी सोडायचे हे पुराच्या रात्री एकट्या अभियंत्याच्या खांद्यावर न टाकता आधी मिळून ठरवलेल्या नियमाने व्हावे. दुसरा आक्षेप लोकांचा: सारखे लाल, नारिंगी इशारे येतात, दरवेळी कामावर जायचे नाही तर मजुरी कोण देणार? हाही खरा. त्यामुळे इशारे वाढवू नका, नेमके करा. आणि जिल्हाधिकाऱ्यांच्या आदेशाने कारखाना बंद राहिला तर त्या दिवसाची मजुरी मालकाने द्यावी, असा आदेश आधीच काढा. हजेरी बुडण्याची भीती असलेला माणूस कोणताही इशारा ऐकत नाही.

मान्सूनपूर्व आढावा बैठका दरवर्षी होतात, यंदाही होतील. त्या बैठकीच्या इतिवृत्तात पथके, बोटी, वाळूच्या पोत्यांचे आकडे असतीलच. सिल्वासाच्या नागरिकांनी आणि जिल्हा पंचायतीच्या सदस्यांनी त्यात आणखी एक ओळ मागावी: मध्यरात्री मधुबनचे दरवाजे उघडले तर नदीकाठच्या प्रत्येक गावाला फोन कोणत्या हुद्द्याचा अधिकारी करील आणि तो न उचलला गेल्यास दुसरा कोण करील. ही ओळ लिहायला पैसा लागत नाही. ती लिहिली गेली नाही, तर बाकीचे आकडे फक्त बैठकीसाठी होते असे खुशाल समजावे.