350 सीसीच्या वरची बाईक: घेणं महागलं, मग सांभाळणं स्वस्त झालं का?

22 सप्टेंबर 2025 पासून 350 सीसीपर्यंतच्या बाईकवरचा जीएसटी 28 वरून 18 टक्क्यांवर आला. त्यावरच्या टूरिंग बाईकवर मात्र सेस धरून 31 टक्के होता, तो थेट 40 झाला.

टायर आणि सुट्या भागांवरचा करही 28 वरून 18 वर आलाय. पण हिशोब करून बघा. करापूर्वी 3 लाखांच्या बाईकवर 27 हजार जादा जातात. ते वसूल व्हायला 2 लाख 70 हजारांचे सुटे भाग घ्यावे लागतील. म्हणजे जवळपास दुसरी बाईकच!

विम्यातही हीच रेषा आडवी येते. 2022 च्या दरांनुसार नव्या बाईकचा पाच वर्षांचा थर्ड पार्टी हप्ता 150 ते 350 सीसीला 7,365 रुपये, त्यावर 15,117.