जुन्या घरास कोणती चूल?

हिंगणघाट तालुक्यांतील जुन्या घरांत लांकडाची चूल अद्याप विझलेली नाहीं. सन २०१६ च्या मे महिन्यांत उज्ज्वला योजना सुरू झाली आणि पुष्कळ घरीं सिलिंडर पोंचला, हें खरें. पण अंघोळीचें पाणी, गुरांचें आंबोण व भाकरी यांस जळण लागतेंच, आणि शेतकऱ्यास तें विकत घ्यावें लागत नाहीं. म्हणून चूल बदलूं इच्छिणारांनीं ती कशी निवडावी, याविषयीं लिहिणें आम्हांस अगत्याचें वाटतें.

हा विषय वर्धा जिल्ह्यास नवा नाहीं. सन १९३४ च्या डिसेंबरांत स्थापन झालेल्या अखिल भारत ग्रामोद्योग संघाचें ठाणें वर्ध्याच्या मगनवाडींत होतें. तेथील बिनधुराची मातीची चूल पुढें मगनचूल या नांवानें प्रसिद्धीस आली. एकाच जाळावर दोन-तीन भांडीं तापावीं आणि उरलेला धूर धुराड्यानें छपराबाहेर जावा, एवढीच तिची कल्पना. तीन दगडांच्या उघड्या चुलींत लांकडाची शेंकडा १० ते १५ उष्णताच भांड्यास लागते. बाकीची घरांत व डोळ्यांत जाते.

पुढें सन १९८३ मध्यें सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम निघाला व २००२ सालीं बंद पडला. आम्ही नोकरींत असतांना एका गांवीं नोंदवहींत चुली शाबूत होत्या. प्रत्यक्षांत कित्येकींवर कोंबड्यांचीं खुराडीं होतीं. ओडिशांत सुमारें २६०० कुटुंबांची ४ वर्षें पाहणी झाली, तींतही पहिल्या वर्षीं धूर कमी झाला व नंतर लाभ उरला नाहीं. कारण चुली नियमानें वापरल्या वा दुरुस्त केल्या गेल्या नाहींत. आमच्या मतें चूल घर पाहून बसविली जात नाहीं, हें याचें मूळ आहे.

आमच्याकडील जुनें स्वयंपाकघर बहुधा मागल्या अंगास, अंधारें, जाड मातीच्या भिंतींचें. वर सागवानी वासे व कवेलू. पूर्वीं कवेलूंच्या फटींतून धूर निघून जाई. मग कोणीं खालीं तक्तपोशी मारली, कोणीं टिनाचे पत्रे टाकले, आणि धुराची वाट बुजली. चूल मात्र तीच राहिली. यास्तव पहिला खर्च चुलीवर नव्हे, धुराड्यावर करावा. तें आढ्याच्या वर दोन-तीन फूट निघालें पाहिजे, नाहीं तर वाऱ्यानें धूर परत उतरतो. तापलेली नळी वाशांस टेकूं देऊं नये. भोंवतीं मोकळी जागा ठेवावी. काजळी काढण्यास तळाशीं दार असावें व महिन्यांतून एकदां नळी झाडावी. हें काम करणारें माणूस घरांत नसेल, तर दोन भांड्यांची मोठी चूल घेऊंच नये. अंगणांत उचलून नेतां येईल अशी लहान चूल बरी. पाण्याचा बंब तर अंगणांतच शोभतो.

नंतर जळण. बाजारांतील कित्येक लोखंडी चुली वीतभर सुक्या ढलप्यांसाठीं केलेल्या असतात. त्यांत सबंध पऱ्हाटी कोंबली कीं तोंड उघडें राहतें आणि धूर पूर्ववत्. पऱ्हाट्या-तुराट्या तोडून घालण्याची तयारी हवी. ओलें जळण तर कोणत्याही चुलींत तोट्याचें. त्यांतील १ किलो पाण्याची वाफ होण्यासच सुमारें ५४० किलोकॅलरी खर्चतात. मात्र सुकें जळण हवें म्हणून पऱ्हाट्यांची गंजी पावसाळ्यापर्यंत रचून ठेवूं नये. तींत राहिलेल्या बोंडांत गुलाबी बोंडअळी पुढील हंगामापर्यंत दडून बसते. सन २०१७ चा अनुभव विदर्भांतील कापूसवाल्यास सांगावयास नको. पऱ्हाटी आधीं जाळावी, तुराटी पावसाळ्यास ठेवावी.

आतां एक गोष्ट, जी आम्हां पुरुषमंडळींस सुचत नाहीं. आम्ही किंमत विचारतों. चुलीपुढें बसणारीस मात्र भाकरी शेकण्यास निखारा पुढें ओढतां येईल कीं नाहीं, हें पाहावयाचें असतें. तें जमलें नाहीं कीं नव्या चुलीशेजारीं तीन दगड पुन्हां मांडले जातात. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबानें सन २०२० मध्यें घरांतील धुरानें जगांत सुमारें ३२ लाख माणसें दगावलीं. तेव्हां यंदा कापसाचा पैसा हातीं आल्यावर चूल घेणें असेल, तर गृहिणीस बरोबर न्यावें, आपल्याच घरची तुराटी सोबत घ्यावी, तिला चार भाकरी करून पाहूं द्याव्या, आणि मग पैसे मोजावे.