सावलीवर वस्तीचाही हक्क आहे

मे महिन्यात पत्र्याच्या घरात नुसता हात वर केला तरी छताची धग लागते. मध्यरात्र झाली तरी घर निवत नाही. नर्सची नोकरी करताना दर उन्हाळ्यात अशा घरांतले पेशंट पाहिले: चक्कर येऊन पडलेली म्हातारी माणसे, सुस्तावलेली तान्ही बाळे, उलट्यांनी गळून गेलेल्या गरोदर बाया. आम्ही सलाईन लावायचो आणि पुन्हा त्याच पत्र्याखाली पाठवायचो.

म्हणून आरोग्याच्या पानावर मी झाडांबद्दल लिहिते आहे. झाडाखालची जमीन कमी तापते, पानांतून निघणारी वाफ भोवतालची हवा थंड करते. हे औषध दवाखान्यात मिळत नाही.

महाराष्ट्रात शहरातील झाडांसाठी १९७५ चा कायदा आहे. त्याप्रमाणे नेमलेल्या वृक्ष प्राधिकरणाने दर पाच वर्षांनी झाडे मोजायची, नवी लावायची. पण झाडे लागतात बागेत आणि दुभाजकावर. वस्तीसाठी उत्तर ठरलेले: "जागा नाही." जागा आहे! शाळेचे मैदान, विहाराचे अंगण, शौचालयामागची पट्टी. ती आपणच दाखवून दिली पाहिजे. आणि हरित पट्ट्याच्या नावाखाली कोणी नाल्याकाठच्या झोपड्या उठवू पाहत असेल, तर आमच्याशी बोलल्याशिवाय आराखडा करू नका, हेही ठणकावून सांगितले पाहिजे.

चूक आपलीही होते. १४ एप्रिलला रोप लावतो, फोटो काढतो, आणि मे महिन्यात ते वाळते. त्याऐवजी आषाढ पौर्णिमेला, वर्षावास सुरू होताना लावा. पावसात मूळ धरते. सावलीला कडुनिंब, करंज चांगले. बोधिवृक्ष म्हणून पिंपळ आपल्याला प्रिय, पण त्याची मुळे भिंती फोडतात. तो मोकळ्या मैदानातच लावा. प्रत्येक रोप दोन घरांच्या नावावर करा. भाजी-तांदूळ धुतलेले पाणी त्याला घालत राहा.

सम्राट अशोकाने माणसांना आणि जनावरांना सावली मिळावी म्हणून रस्त्याकडेला वड लावले, तसे त्याच्या स्तंभलेखात कोरलेले आहे. बाबासाहेबांनी १९२७ साली महाडला सार्वजनिक पाण्यावरचा हक्क बजावला. सावलीही सार्वजनिकच आहे.

तेव्हा महिला मंडळाच्या ताईंनो, येत्या रविवारी वस्तीत फिरा, मोकळ्या जागांची यादी करा, प्रभाग कार्यालयात अर्ज द्या. पोच घ्यायला मात्र विसरू नका.

जयभीम!